इराण ऐकायचा का? सांगलीत सेतार आणि तबल्याची न बसवलेली मैफल – मतं हवीत

कृष्णाकाठची
नमस्कार मंडळी. सांगलीत आमचा ऐकणाऱ्यांचा एक छोटा गट आहे. कुणाच्या तरी हॉलमध्ये सतरंजी टाकून बसतो, तिकीट नाही, मानधनाची वर्गणी आपापसांत काढतो. आता एक बेत शिजतोय, त्यावर तुमची मतं हवीत.

पुण्यात पीएच.डी. करणारी एक इराणी मुलगी सेतार वाजवते. आपली सतार नव्हे. हे वाद्य छोटं, चार तारांचं, उजव्या हाताच्या तर्जनीच्या नखानं छेडायचं. तिच्यासोबत मिरजेचा एक तरुण तबलजी बसवायचा आहे. तालीम नाही, आधी ठरवलेली बंदिश नाही. समोरासमोर बसायचं आणि जे सुचेल ते वाजवायचं.

हे करावंसं वाटलं त्याचं कारण सांगते. इराण म्हटलं की आपल्याकडं क्षेपणास्त्रं, तेल, काळे बुरखे आणि दाढीवाले पुढारी, एवढंच डोळ्यांसमोर येतं. २०२५ च्या जूनमध्ये युद्धाच्या बातम्या चालू होत्या तेव्हा तर नऊ कोटी लोकांचा देश म्हणजे नकाशावरचे बाण एवढंच दिसत होतं. ही मुलगी सांगते, पुण्यात तिला अजून विचारतात, "तुम्ही अरबीच बोलता ना?"

माझं म्हणणं असं: भाषणानं हे बदलत नाही, माहितीपटानंही नाही. बसवलेला कार्यक्रम म्हणजे शेवटी पाहुण्यांपुढं मांडलेली शोकेस. पण आयत्या वेळी सुचणारं संगीत ऐकताना समोरचा माणूस विचार करताना दिसतो. तो अडतो, ऐकतो, दुसऱ्याला वाट देतो, एखादी जागा सापडली की खुलतो. एवढं बघितल्यावर त्याला नुसतं 'त्या देशाचं माणूस' म्हणणं अवघड जातं. तुम्हाला काय वाटतं? की लोक "छान झालं" म्हणून भडंग खाऊन घरी जातील?

विश्रामबागकर
भडंग असेल तर मी नक्की येतो, पहिल्या रांगेत. बाकी कल्पना झकास.

बेदाणा_तासगाव
ताई, विरोध नाही, पण खरं सांगू का? आमच्याकडं इराणचं नाव निघतं ते सौद्याच्या दिवशी. बाहेरचा बेदाणा आला, भाव पडला, की शिव्या. ज्या देशाशी आपला संबंध एवढाच, त्याचं संगीत ऐकायला माणसं येतील का? माझं ऐका, पोस्टरवर इराण लिहूच नका. नुसतं 'सेतार आणि तबला' लिहा. आधी ऐकू द्या, आवडलं की मग सांगा कुठलं ते.

प्रश्नचिन्ह
मला मुळातच पटलेलं नाही. ज्या देशात बाईला पुरुष श्रोत्यांसमोर एकटीनं गायची बंदी आहे, त्याच देशाची 'खरी ओळख' म्हणून आपण एका मुलीला सांगलीत बसवणार. लोक म्हणतील, बघा, किती छान देश, उगाच बदनाम करतात. संगीतानं गैरसमज जातात हे मान्य. पण सगळे समज गैरसमज नसतात. काही गोष्टी बातम्यांत येतात तशाच खऱ्या असतात.

डेकवरून
मी बोटीवर होतो, बंदर अब्बासला बऱ्याचदा जाणं झालं. गोदीबाहेर एका म्हाताऱ्याचं चहाचं दुकान होतं. साखरेचा खडा दातांत धरायचा आणि वरून कोरा चहा प्यायचा. पैसे द्यायला गेलं की म्हातारा हात छातीवर ठेवून नको नको म्हणायचा. पहिल्यांदा मी खिशात परत घातले. सोबतचा इराणी एजंट म्हणाला, आता दोनदा आग्रह कर, तो घेईल, ही इथली रीत आहे. आपल्याकडं "अहो जेवून जा" म्हणतात त्यातलाच प्रकार.

आणि तिथलं संगीत! दक्षिण किनाऱ्यावर लग्नात नेयअंबान वाजतं, कातड्याच्या पिशवीत हवा भरून वाजवायचं वाद्य. त्याच्यासोबत ढोल, आणि जो नाच चालतो तो बघून आपल्या कोळीवाड्याची आठवण व्हावी. त्या किनाऱ्यावर आफ्रिकी वंशाचे इराणीही आहेत, पिढ्यान्‌पिढ्यांचे. वर कुर्द, अझेरी, तुर्कमेन, बलुच, प्रत्येकाचं वाजवणं वेगळं. त्यामुळं एका सेतारीनं 'इराण' कळेल असं मात्र पोस्टरवर लिहू नका.

तिहाई
विषय माझ्या जिव्हाळ्याचा, त्यामुळं जरा लांबलचक लिहितोय.

कृष्णाकाठची ताई, 'जे सुचेल ते वाजवायचं' हे वाचून लोकांचा वेगळाच समज होईल. इराणी अभिजात संगीतात आयत्या वेळी सुचलेल्या बढतीला मोठा मान आहे, पण त्याआधी पाठांतर आहे, आणि तेही दांडगं. सात दस्तगाह, म्हणजे आपल्या रागांसारख्या मोठ्या स्वरचौकटी, आणि त्यांच्या पोटातले पाच आवाज, अशी त्यांची बारा घरं. प्रत्येक घरात छोटे छोटे स्वरसमूह असतात, त्यांना गुशे म्हणतात. दोनशेहून जास्त गुशे मिळून जो संग्रह होतो तो रदीफ. मिर्झा अब्दुल्ला (१८४३–१९१८) यांच्या परंपरेतला रदीफ आजही शिकवला जातो. शिष्य तो वर्षानुवर्षं गुरूसमोर बसून मुखोद्गत करतो. २००९ साली युनेस्कोनं रदीफला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. म्हणजे आपल्याकडं चिजा गळ्यावर चढल्याशिवाय बुवा आलाप करू देत नाहीत, तसंच.

आता ऐकताना काय सापडेल ते सांगतो. माहूर नावाचा दस्तगाह आपल्या बिलावलच्या अंगानं जातो, तो कुणालाही लगेच ओळखीचा वाटेल. गंमत चहारगाह या दस्तगाहमध्ये आहे. पहिल्यांदा ऐकाल तर म्हणाल, हा तर भैरव! शुद्ध गंधार, शुद्ध निषाद, तीच चौकट. पण रिषभ आणि धैवत कोमलही नाहीत आणि शुद्धही नाहीत, मधेच कुठंतरी बसलेत. आपला कान सांगतो, उतरलाय, बेसूर आहे. थोडा वेळ थांबलं की तोच रिषभ हवाहवासा वाटायला लागतो. कृष्णाकाठच्या ताई समजुतींबद्दल जे म्हणतात ना, ते मला इथं पटतं. आपल्या कानात आधीपासून बसलेलं माप सोडून दुसऱ्याचं माप दहा मिनिटं सोसायचं.

आणि कृपा करून हार्मोनियम आणू नका. पट्ट्यांमधे ते स्वर नाहीतच.

शर्वरी_स
@प्रश्नचिन्ह, तुमचा मुद्दा बाजूला सारण्यासारखा नाही. पण मला तो उलट बाजूनं दिसतो.

त्या बंदीची गोष्ट सांगायची तर तिथल्या गाणाऱ्या बायकांची सांगावी लागते. क़मर-उल-मुलूक वज़ीरी १९२४ मध्ये तेहरानच्या ग्रँड हॉटेलात बुरख्याशिवाय गायला उभी राहिली. त्या काळात आपल्याकडंही प्रतिष्ठित घरच्या बाईनं जाहीर गाणं म्हणजे केवढं धाडस होतं, हिराबाई बडोदेकरांचं आठवा. १९७९ च्या क्रांतीनंतर तिथं एकल गाणाऱ्या बायकांचा आवाजच सभागृहांतून गेला. तरी २०२४ च्या डिसेंबरात परस्तू अहमदी एका जुन्या सराईत, डोक्यावर काही न घेता, श्रोत्यांशिवाय गायली. ते इंटरनेटवर आलं आणि तिला पकडलं.

आणि शजरियान. मोहम्मद रझा शजरियान (१९४०–२०२०) म्हणजे तिथला सगळ्यात मोठा गळा. रमजानमध्ये उपास सोडायच्या वेळी त्यांनी गायलेली प्रार्थना वर्षानुवर्षं घराघरांत रेडिओवर लागायची. २००९ च्या निवडणुकीनंतर निदर्शकांवर लाठ्या पडल्या, तेव्हा त्यांनी सरकारी प्रसारणाला कळवलं की माझी गाणी वाजवू नका. पुढं ती प्रार्थनाही बंद झाली. मग हे संगीत ऐकणं म्हणजे त्या सरकारची बाजू घेणं कसं होईल? सरकार वेगळं, माणसं वेगळी, हेच तर लोकांना कळत नाही. आणि नेमकं तेच ऐकवायचं आहे.

प्रश्नचिन्ह
@शर्वरी_स, शजरियानांचं माहीत नव्हतं, वाचतो. पण मग हे सगळं मैफलीत कोण सांगणार? नुसत्या सेतारीतून हे कळणार नाही. सांगितलं नाही तर श्रोता सुखावून घरी जाईल, बस्स.

वाईकर
सांगू नये असं माझं मत. एकदा सांगायला बसलो की संगीत पुराव्यादाखल उरतं.

जुना_श्रोता
वाईहून आलेलं मत मान्य, पण दोन शब्द तरी लागतीलच. असो, मला वेगळंच काही सांगायचं आहे.

मंडळी, हे सगळं आपल्या भागाला परकं आहे असं धरून का बोलताय? मिरज आदिलशाहीत होती आणि विजापूरच्या दरबारात फार्सी चालायची. दुसरा इब्राहिम आदिलशहा तर स्वतः गाण्यातला, 'किताब-ए-नवरस' त्याचंच. आणि खाँसाहेब अब्दुल करीम खाँ! किराण्याहून आले आणि मिरजेचे झाले. १९३७ साली मद्रासकडच्या प्रवासात गेले, पण माती मिरजेची मिळाली, दर्ग्याच्या आवारात. उरुसात तिथं अजून गाणं होतं, चिंचेखाली बसून आम्ही रात्री काढल्यात. एकेका स्वरावर थांबत, त्याला गोंजारत पुढं जायची जी किराणा घराण्याची पद्धत आहे, ती कानात असलेल्या माणसाला इराणी 'आवाज', म्हणजे त्यांचा तालाशिवायचा आलाप, परका वाटणार नाही. तिथंही ताल नसतो, घाई नसते, स्वर हळूहळू उलगडतो.

आणखी एक. तिहाईंनी मधल्या रिषभाचं लिहिलंय. बाविसाव्या-तेविसाव्या स्वराचं हे वेड सांगलीला नवं नाही हो. कृष्णाजी बल्लाळ देवल सांगलीचेच, निवृत्त डेप्युटी कलेक्टर. १९१० च्या सुमारास श्रुतींचा, म्हणजे सप्तकातल्या बावीस बारीक स्वरस्थानांचा, हिशेब मांडत बसले होते. ई. क्लेमंट्स नावाचे इंग्रज न्यायाधीश साताऱ्यात होते, तेही त्यातच. दोघांनी मिळून श्रुती हार्मोनियम काढला आणि खाँसाहेबांच्या गळ्यावर श्रुती तपासल्या. त्यांचा हिशेब बरोबर की चूक यावर पुढं पुष्कळ वाद झाले. पण सूक्ष्म स्वरावर भांडणारी माणसं याच दोन जिल्ह्यांत होती, हे तरी खरं.

विश्रामबागकर
काका, हे माहीतच नव्हतं. देवलांवर वेगळा धागा काढा, हात जोडून विनंती.

तारवाला_मिरज
राम राम. आमचं घर वाद्यं बनवणारं, दर्ग्याजवळच्या गल्लीतलं. २०२४ ला मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, त्या आनंदात अजून आहोत.

एक सेतार आमच्याकडं दुरुस्तीला आली होती, तिची तबली, म्हणजे पोटावरची पातळ फळी, उकलली होती. हातात घेतली आणि वाटलं, वाद्य आहे की पाखरू. भोपळा नाही. तुतीच्या लाकडाच्या पातळ पट्ट्या वाकवून एकमेकींना चिकटवून पोट केलेलं. दांडी बोटभर रुंद. तरफा, म्हणजे खाली आपोआप झंकारणाऱ्या तारा, नाहीत. घोडी एवढीशी, आणि तिच्यावर आपल्यासारखी जवारी काढलेली नाही, त्यामुळं सूर झणझणत नाही, कोरडा आणि थेट येतो. तबलीवर बारीक भोकं पाडलेली. पडदे धातूचे नाहीत, आतड्याच्या दोऱ्याचे वेढे दांडीवर घट्ट गुंडाळलेले. मालकानं बोटानं एक वेढा केसभर सरकवला आणि म्हणाला, आता दुसरा दस्तगाह. आम्हीपण सतारीचे पडदे रागाप्रमाणं सरकवतो. तेवढ्यात आमची भाषा जुळली, बाकी तो इंग्रजीत आणि मी हिंदीत.

एक सूचना. आवाज लहान आहे. तबल्याची थाप पडली की सेतार ऐकूच येणार नाही. माइक लावला तर नखाचा आवाज जास्त आणि स्वर कमी, असं होतं. छोटी खोली घ्या, पंखे बंद ठेवा.

मृदुला_पलूस
पंखे बंद? कुठल्या महिन्यात ठेवताय ते आधी सांगा.

तिहाई
तारवाला भाऊंनी बरोबर नस पकडली. तबल्याचा आणखी एक प्रश्न. 'आवाज' या आलापासारख्या भागात ताल नाही, तिथं तबलजीनं गप्प बसायचं. ते गप्प बसणं जमलं तर मैफल जमली. त्यांच्याकडं गायकाच्या मागं वाद्य ओळीओळीला उत्तर देतं, त्याला जवाब-आवाज म्हणतात. तबलजीनं ते आधी ऐकून ठेवावं. मग चहारमेज़राब ही लयीतली वाद्यरचना किंवा शेवटी रेंग ही नाचाच्या चालीची धून आली की लय सुरू होते. रेंग सहाच्या वजनात चालतो, म्हणजे आपला दादरा हाताशी आहेच. पण झोक वेगळा. ठरलेला ठेका धरून बसलात तर ती बिचारी पिंजऱ्यात अडकेल.

ही वाट आधी कुणी चालली नाही असं नाही. कैहान कल्होर, तेहरानचा कुर्द घरातला कमांचावादक (कमांचा म्हणजे गजानं वाजवायचं उभं वाद्य), आणि आपले शुजात हुसेन खाँ या दोघांनी 'ग़ज़ल' नावाचा चमू केला होता. तबल्याला संदीप दास. कमांचा आणि सतार एकमेकांना विचारत विचारत पुढं जातात. कोण इराणी आणि कोण हिंदुस्थानी हे विसरायला होतं असं लोक लिहितात, मला मात्र तसं वाटत नाही. दोघं शेवटपर्यंत वेगळे ऐकू येतात आणि तरी भांडत नाहीत. मला तेच आवडतं.

बेदाणा_तासगाव
तिहाई दादा, यूट्यूबवर आत्ता लावलं. अर्धा तास झाला, गड्यानं अजून घाई केलेली नाही. आमची आजी शेडवर बसून ऐकतीय, म्हणाली, "रडायला लागलाय की कोण तो?" मी म्हटलं कमांचा. म्हणाली, "मग असू दे, बंद नको करू."

नवाश्रोता२२
मला शास्त्रीय कळत नाही. तरी यावं का?

जुना_श्रोता
बाळा, तूच ये. आम्ही भैरव शोधत बसू, तुला सरळ ऐकू येईल.

शर्वरी_स
पोस्टरवर इराण न लिहिण्याबद्दल: मला ते लपवाछपवीसारखं वाटतं. शेवटी "अहो, हे इराणी होतं बरं का!" म्हणणं म्हणजे श्रोत्याला पेचात पकडणं. आणि त्या मुलीनं दीड तास कुठलीच नसल्यासारखं बसायचं? नाव आधी कळलेलं असावं. मनात जे काही किल्मिष असेल ते घेऊनच लोकांनी यावं. ऐकताना ते गळालं तर गळालं.

डेकवरून
शर्वरीताईंना अनुमोदन. २००३ च्या डिसेंबरात बामचा भूकंप झाला, पंचवीस हजारांच्या वर माणसं गेली. जगभर त्या आठवड्यात इराणबद्दल कुणाचं वाईट बोलणं ऐकलं नाही, नंतर पुन्हा सुरू. तेव्हा शजरियान बाप-लेक, हुसेन अलीज़ादेह आणि कल्होर यांनी तेहरानात बामसाठी मैफल केली होती. रेकॉर्डिंग ऐका. आपल्याकडं किल्लारी झालं, २०१९ ला कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं. अशा वेळी लोक मदतफेऱ्या काढतात, गातात, वर्गणी जमवतात. बामच्या मैफलीत मला परकं काहीच सापडलं नाही.

प्रश्नचिन्ह
सगळे बोलले, पण एक गोष्ट कुणीच विचारली नाही. त्या मुलीला हे हवंय का? ती शिकायला आलीय, वाजवते ते तिच्या आनंदासाठी. प्रत्येक वेळी तिनंच आपल्या देशाचा खुलासा का करायचा? मी सांगलीचा असून मला पुण्यात कुणी "तुमच्याकडं पूर का येतो" विचारलं तर कंटाळा येतो. तिला तर बॉम्बपासून बुरख्यापर्यंत सगळ्याची उत्तरं द्यावी लागत असतील.

मृदुला_पलूस
+१. धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रतिसाद.

तारवाला_मिरज
हो, हे बरोबर आहे. मला पण उरुसाच्या वेळी पत्रकार विचारतात, तुम्ही मुसलमान आणि तंबोरा बनवता, कसं वाटतं? काय वाटायचंय? तबली तासताना तबली वाटते.

कृष्णाकाठची
सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले, आणि प्रश्नचिन्ह यांचा वाचून काल तिलाच फोन केला. सगळं वाचून दाखवलं, म्हणजे जमेल तसं हिंदी-इंग्रजीत सांगितलं. शजरियान आणि बामचं ऐकून थोडा वेळ बोललीच नाही. बामच्या मैफलीचं रेकॉर्डिंग तिच्या वडिलांनी गाडीत लावून लावून झिजवलं होतं म्हणे.

तिचं म्हणणं असं. पोस्टरवर इराण लिहा, पण साधं, वाद्याच्या नावाखाली. गालिचे, घुमट, कवी हाफिजच्या कबरीचा फोटो नको. मंचावर प्रश्नोत्तरं नकोत. कुणाला काही विचारायचं असेल तर नंतर चहाला बसून विचारावं, तिथं ती सगळं बोलेल, बंदीबद्दलही. "चहाला माणूस ऐकून घेतो, माइकवर नाही," असं म्हणाली. आणि तबलजीला कुठला दस्तगाह ते आधी सांगायचं नाही, हा तिचा हट्ट. तिला स्वतःलाही तेव्हाच ठरवायचं आहे. तिहाईंनी सांगितलेलं तबलजीला कळवलं. तो म्हणाला, गप्प बसायचं टेन्शन वाजवायच्या टेन्शनपेक्षा जास्त आहे.

तेव्हा प्रश्नचिन्ह, तुमचा पहिला आक्षेप तसाच ठेवून या. चहाला तिच्याशी बोला, इथं येऊन लिहा. माझं मत मात्र बदललेलं नाही. तिनं दस्तगाह आधी सांगायला नकार दिला तेव्हा ते आणखी पक्कं झालं.

महिना जानेवारी, त्यामुळं मृदुला, पंख्याचा प्रश्न मिटला. खोली पन्नास जणांची. एकच अडलंय: तंबोरा ठेवायचा की नाही? आणि ठेवला तर कोण आणणार?

तिहाई
तंबोऱ्याचा नीट विचार करा. त्यांच्याकडं मागं अखंड सूर धरायची पद्धत नाही. तिनं शूर हा दस्तगाह घेतला आणि त्यातल्या शहनाज़ गुशात गेली तर मुक्कामाचा स्वर मध्यमावर सरकतो. तेव्हा मागं आपला सा-प चालूच राहिला तर तिला खाली ओढल्यासारखं होईल. माझं मत, तंबोरा नको.

जुना_श्रोता
तंबोऱ्याशिवाय सांगलीत मैफल? छे. मध्यमात लावा, दोन्हीकडं चालेल.

प्रश्नचिन्ह
येतो. चहाचा खर्च माझ्याकडं.

तारवाला_मिरज
काका, भांडू नका. मी दोन जोड्या आणतो, एक पंचमात लावलेली, एक मध्यमात. तिला बसवून दोन्ही ऐकवू, ती नको म्हणाली तर गवसणीत परत. फक्त तिच्या सेतारीची पट्टी कुठली ते आठवडाभर आधी कळवा, म्हणजे तारा त्या जाडीच्या चढवून ठेवतो.